बोट फिरवून झालं, आता डोळे तपासा

माझ्या ॲप्रनच्या खिशात दोन पेनं असतात, एक लाल टोपणाचं आणि एक निळ्या. दोन्हींतली शाई कधीच वाळून गेली आहे. लिहायला तिसरं असतं, ही दोन रुग्णाच्या नजरेसाठी. सोबत शिंप्याची टेप आणि छोटी टॉर्च. नजरेच्या हालचाली तपासायला एवढं सामान पुरतं, आणि हात बसला की सात-आठ मिनिटं.

तरी न्यूरॉलॉजीच्या केसपेपरवर या विषयापुढे बहुतेक वेळा दोनच शब्द असतात: 'ईओएम फुल'. डोळ्यांच्या हालचाली पूर्ण. मीही सुरुवातीची काही वर्षं हेच लिहिलं, आणि एका गुरुजींच्या बाबतीत ते लिहून मी त्यांचं एक वर्ष वाया घालवलं.

गुरुजी निवृत्त होते, वय सत्तरीच्या आतलं. तीन वेळा पडले होते, तिन्ही वेळा पाठीवर. हालचाल मंद, मान ताठ. मी त्यांच्यासमोर बोट धरलं, हवेत सावकाश इंग्रजी एच काढला, डोळे बोटामागे गेले. ईओएम फुल. पार्किन्सन्स म्हणून लिव्होडोपा सुरू केलं. जाता जाता त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "हल्ली जेवताना सगळं अंगावर सांडतात हो. रोज सदऱ्यावर आमटी. आणि चष्मा तीनदा बदलला, तरी म्हणतात दिसत नाही." मी मान हलवली आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं.

वर्षभराने गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही म्हणून मी त्यांना माझ्या वरिष्ठांना दाखवलं. त्यांनी बोट फिरवलंच नाही. गुरुजींची हनुवटी धरली आणि म्हणाले, "छताकडे बघा. आता जमिनीकडे." डोळे छताकडे जेमतेम गेले. जमिनीकडे जाताना तर ते पाकातून चालल्यासारखे निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबले. गुरुजींना ताटातलं दिसत नव्हतं, कारण नजर ताटापर्यंत पोचतच नव्हती. त्यांच्या पत्नीने मला निदान वर्षापूर्वीच सांगितलं होतं.

आजार होता प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी (पीएसपी). स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्हस्की यांनी १९६४ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. त्या दिवसापासून मी 'डोळा पोचतो का' एवढ्यावर थांबत नाही. कसा पोचतो आणि कोणत्या रस्त्याने पोचतो, हेही बघते. पुढे जे लिहिते आहे ते निवासी डॉक्टर आणि गावोगावच्या जनरल प्रॅक्टिशनर मित्रांसाठी.

एक पूल, अनेक रस्ते

डोळा हलवायला मेंदूकडे एकच यंत्रणा नाही. एका गोष्टीवरून दुसरीवर झटकन उडी मारायची ती सॅकेड. मोठ्या उडीत डोळा सेकंदाला ५०० अंशांच्या आसपास वेग गाठतो. हलत्या वस्तूचा सावकाश माग काढायचा तो परस्यूट, त्याचा वेग याच्या तुलनेत फारच थोडा. डोकं हललं तरी नजर जागेवर ठेवायची ते काम कानातल्या तोलयंत्रणेचं, व्हेस्टिब्युलो-ऑक्युलर रिफ्लेक्सचं. हा रिफ्लेक्स सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास कामाला लागतो, म्हणून धावत्या एसटीत आपण पाटी वाचू शकतो. शिवाय जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळतात ते कन्व्हर्जन्स.

हे सगळे रस्ते शेवटी एकाच पुलावर येतात: तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या नर्व्हची केंद्रकं, त्या नर्व्ह, आणि डोळ्याचे स्नायू. पूल पडला तर कुठल्याच गावचं माणूस पलीकडे जात नाही. वरचा एखादा रस्ता वाहून गेला तर बाकीच्या गावांची वर्दळ चालूच राहते. तपासणीचं सारं तर्कशास्त्र यात आलं. एका रस्त्याने डोळा जात नसेल, तर दुसऱ्याने पाठवून बघायचा. गेला, तर पूल शाबूत आहे आणि बिघाड वर आहे.

आता कळेल की माझं बोट गुरुजींना का फसलं. सावकाश फिरणारं बोट परस्यूटचा रस्ता तपासतं. त्यांचा सॅकेडचा रस्ता गेला होता, आणि मी तिकडे फिरकलेच नव्हते.

पत्ता मात्र पाठ हवा. आडवी नजर पॉन्समधून चालते, उभी नजर मिडब्रेनमधून. दोन्ही ब्रेनस्टेमचे, म्हणजे मेंदूच्या देठाचे भाग, मिडब्रेन वर आणि पॉन्स त्याखाली. पॉन्समध्ये आडव्या सॅकेडचं केंद्र पीपीआरएफ, त्याच्या शेजारी सहाव्या नर्व्हचं केंद्रक. तिथून एमएलएफ नावाची दोरी पलीकडच्या बाजूने वर चढून तिसऱ्या नर्व्हच्या केंद्रकाला निरोप देते, म्हणजे एक डोळा बाहेर जाताना दुसरा आत वळतो. उभ्या सॅकेडचं केंद्र मिडब्रेनच्या वरच्या टोकाला. फक्त आडवं बिघडलं की पॉन्स डोळ्यांसमोर आणायचा, फक्त उभं बिघडलं की मिडब्रेन.

हात लावण्याआधी

एकाचे दोन दिसतात का, हे सगळेच विचारतात. त्यापुढचा प्रश्न: एक डोळा झाकल्यावर ते जातं का? जात असेल तर डोळ्यांची जोडी जुळत नाही. जात नसेल तर चष्मा, मोतीबिंदू तपासा. पण खऱ्या गेझ पाल्सीत, म्हणजे एका दिशेची नजरच लुळी पडते तेव्हा, दोन्ही डोळे सारखेच मागे राहतात, त्यामुळे दुहेरी दिसतच नाही. हा रुग्ण म्हणतो, "वाचताना पुढची ओळ सापडत नाही", "जिना उतरताना पायरी दिसत नाही", "बायफोकलच्या खालच्या काचेतून काही उपयोग नाही". डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोन-तीन खेपा झालेल्या असतात आणि प्रत्येकाने नवा चष्मा दिलेला असतो.

औषधांची पिशवी उलटी करून बघा. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लिथियम, उलटीची गोळी, झोपेची गोळी. कित्येकदा निदान त्या पिशवीतच असतं.

रुग्णाला पाठीच्या खुर्चीवर बसवा. तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला हवेत. स्टुलावर बसलेला रुग्ण आणि उभा डॉक्टर ही जोडी उभी नजर तपासायला निरुपयोगी, कारण रुग्ण आधीच वर बघत असतो. उजेड तुमच्या पाठीमागून यावा. प्रत्येक डोळ्याने पेनाचं टोपण दिसतंय ना, याची खात्री करा. बायफोकल असेल तर उतरवा, नाहीतर माणूस काचेतून बघायला हनुवटी वर-खाली करत राहतो.

मग मिनिटभर काहीच करू नका. रुग्णाला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सांगा आणि नुसते बघा. डोळे स्थिर आहेत का? इवलीशी आडवी उडी मारून क्षणात जागेवर येतात का? त्यांना स्क्वेअर वेव्ह जर्क म्हणतात. म्हातारपणी एखाद-दुसरी चालते, सतत चालू असतील तर खटकलं पाहिजे. पापण्या किती वेळा मिटतात? गुरुजींच्या पापण्या जवळजवळ मिटतच नव्हत्या, कपाळावर आठ्या, चेहरा सतत दचकल्यासारखा. हे सगळं पहिल्याच दिवशी समोर होतं.

आवाका

हा भाग तुम्हाला येतो, म्हणून थोडक्यात. आधी एकेक डोळा, मग दोन्ही. बाहेर बघताना डोळ्याच्या कोपऱ्यातलं पांढरं झाकलं गेलं पाहिजे. खाली बघायला सांगाल तेव्हा दोन्ही वरच्या पापण्या बोटांनी हलकेच वर धरा, नाहीतर पापणीआड डोळा गेला की नाही हे कळतच नाही. मी कित्येक निवासी डॉक्टरांना मिटलेल्या पापण्यांकडे बघून 'डाउनगेझ नॉर्मल' लिहिताना पाहिलं आहे. वयाबरोबर वर बघणं थोडं कमी होतं, ऐंशीच्या आजोबांना त्यावरून घाबरवू नका. खाली बघणं कमी झालं असेल तर मात्र वयावर ढकलायचं नाही.

साधारण ३० अंशांपर्यंत बाजूला नजर नेऊन दहा-पंधरा सेकंद तिथेच धरायला सांगा. डोळे मध्याकडे घसरतात आणि झटक्याने परत जातात, तो गेझ-इव्होक्ड निस्टॅगमस. फिट्सच्या गोळ्यांचा डोस जास्त झाला की हा हमखास दिसतो. अगदी टोकाला नेलंत तर चांगल्या माणसालाही दोन-चार झटके येतात, तेव्हा तिथपर्यंत नेऊ नका.

लाल, निळं, लाल

ही या तपासणीची खरी जागा. घाई करायची असेल तर बाकीचं सोडा, हे सोडू नका.

दोन पेनं हातभर अंतरावर आडवी धरा, दोन्ही बाजूंना साधारण सारखी. रुग्णाला सांगा, "डोकं हलवायचं नाही. मी लाल म्हटलं की लाल टोपण बघा, निळं म्हटलं की निळं. मी म्हणेपर्यंत नाही." आपल्याकडे 'डोळे फिरवा' म्हटलं की निम्मे लोक मान फिरवतात, म्हणून नातेवाइकाला मागे उभं करून डोकं हलकेच धरायला लावा. हनुवटीला हात लावायचा तर आधी विचारा. वडीलधाऱ्या माणसाची हनुवटी आपल्याकडे कोणी धरत नाही, त्यामुळे माणसं बिचकतात.

तुम्ही रुग्णाच्या नाकाच्या शेंड्याच्या थोडं वर बघा, म्हणजे दोन्ही डोळे एकाच वेळी दिसतात. लाल. निळं. लाल. आता चार गोष्टी बघायच्या: निघायला उशीर लागतो का, वेग किती, नेमका पोचतो का, आणि दोन्ही डोळे बरोबर पोचतात का.

वेगासाठी माझं एकच माप आहे. निरोगी सॅकेड इतका झपकन होतो की डोळा निघालेला दिसतो आणि पोचलेला दिसतो, वाटेतला दिसत नाही. तो वाटेत दिसला, तर सॅकेड मंद आहे. शंका असेल तर सोबत आलेल्या मुलाला किंवा सुनेला शेजारी बसवून त्यांनाही लाल-निळं करायला लावा. फरक लगेच कळतो. हल्लीच्या मोबाइलमध्ये स्लो मोशन असतं. रुग्णाला विचारून वीस सेकंदांचं चित्रण केलं तर दुसऱ्या दिवशी राउंडवर वाद होत नाहीत.

मग पेनं उभी धरा, एक कपाळाच्या वर, एक छातीसमोर. हे लोक विसरतात. पीएसपीमध्ये उभे सॅकेड आधी मंदावतात, विशेषतः खालचे, आणि हे आवाका कमी होण्याच्या बरंच आधी घडतं. काही रुग्णांचा डोळा सरळ खाली न जाता बाजूने वळसा घालून जातो, वाटेत खड्डा असल्यासारखा.

आडवे सॅकेड मंद असणाऱ्यांबद्दल जरा थांबून सांगते, कारण ती गोष्ट आपल्या मुंबईची आहे. १९७१ साली डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. स्वामी यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांचं वर्णन केलं. पिढीजात आजार, चालताना झोक जाणं, आणि त्यासोबत विलक्षण मंद डोळे. तोवर अशा सगळ्या रुग्णांना सेरेबेलमच्या, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूच्या, ऱ्हासाच्या एकाच गाठोड्यात बांधलं जायचं. वाडियांनी डोळ्यांच्या वेगावरून त्यातला एक आजार वेगळा काढला. त्याचं जनुक सापडलं १९९६ मध्ये, पंचवीस वर्षांनी. आज आपण त्याला एससीए-२ म्हणतो. क्यूबातल्या ओल्गीन भागात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे आणि तिथेही डोळे असेच मंद.

या रुग्णांचा आवाका सुरुवातीला पूर्ण असतो. म्हणजे 'ईओएम फुल' लिहिणाऱ्याच्या हातून ती नऊच्या नऊ कुटुंबं निसटली असती. झोक जाणारा रुग्ण आला की मी त्याच्याबरोबर आलेल्या भावाबहिणींचंही लाल-निळं उरकून घेते. मात्र त्यात काही सापडलं तर तिथल्या तिथे बोलत नाही. पंचविशीतल्या मुलीला बाकावर बसल्या बसल्या ही बातमी द्यायची नसते.

पोचण्यातली चूकही बोलकी असते. डोळा दर वेळी पुढे निघून जाऊन मागे येत असेल तर सेरेबेलम. दोन-तीन टप्प्यांत पोचत असेल तर पार्किन्सन्सपासून नुसत्या थकव्यापर्यंत काहीही, त्यावर फार इमारत बांधू नका.

आता दोन्ही डोळ्यांची जोडी. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी चक्कर येते म्हणून आली होती. बोटामागे दोन्ही डोळे छान गेले. लाल-निळं केलं आणि डावीकडे उडी मारताना डावा डोळा झटकन पोचला, उजवा मागून रमतगमत आला, तेवढ्यात डावा तिकडे थरथरत होता. उजवीकडे नेल्यावर हाच खेळ उलटा. नाकासमोर पेन आणलं तर दोन्ही डोळे व्यवस्थित आत वळले, म्हणजे आतला स्नायू आणि त्याची नर्व्ह ठणठणीत. तुटली होती ती एमएलएफची दोरी, दोन्ही बाजूंना. याला इंटरन्यूक्लिअर ऑप्थॅल्मोप्लेजिया म्हणतात, आणि आत न वळणारा डोळा ज्या बाजूचा, ती दुखण्याची बाजू. तरुण वयात दोन्हीकडे असेल तर मल्टिपल स्क्लेरॉसिस आधी मनात यावा. साठीच्या मधुमेही माणसात अचानक एका बाजूला झालं तर स्ट्रोक.

ही दोरी आणि त्याच बाजूचं आडव्या नजरेचं केंद्र एकदम गेलं, तर एका डोळ्याची फक्त बाहेरची हालचाल उरते. मिलर फिशर यांनी १९६७ मध्ये त्याला 'वन अँड अ हाफ' नाव दिलं. दोनांपैकी दीड गेलं, अर्धं उरलं. हे एकदा पाहिलं की विसरत नाही.

दुसऱ्या रस्त्याने पाठवून बघा

डोळा स्वतःहून खाली जात नाही. आता रुग्णाला माझ्या नाकाकडे बघत राहायला सांगायचं आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून हनुवटी सावकाश वर करायची. नजर नाकावर टिकवायची तर डोळ्यांना खाली जावंच लागतं. गुरुजींचे डोळे असे पुरते खाली गेले, आणि त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अगोबाई, जातात की!" पूल शाबूत, बिघाड वरच्या रस्त्यात. सुप्रान्यूक्लिअर या लांबलचक शब्दाचा अर्थ एवढाच. आजार फार पुढे गेला की हाही रस्ता बंद होतो, आणि या रुग्णांची मान इतकी ताठ असते की डोकं हलवणंच अवघड. जोर करू नका. मानेला मार असेल तर ही चाचणी अजिबात नाही.

पॉन्समध्ये एक बारकावा आहे. नुसतं पीपीआरएफ गेलं असेल तर त्या बाजूला स्वतःहून बघता येत नाही, पण डोकं फिरवल्यावर डोळे जातात. सहाव्या नर्व्हचं केंद्रकच गेलं तर डोकं फिरवूनही जात नाहीत, आणि बहुतेक वेळा त्याच बाजूचा चेहराही वाकडा असतो, कारण सातवी नर्व्ह त्या केंद्रकाला वळसा घालून जाते.

वर बघता येत नसेल तर डोळे घट्ट मिटायला सांगा आणि पापणी बोटाने उघडी धरा. बुबुळ वर गेलं तर खालची यंत्रणा चालू आहे. काही निरोगी माणसांतही ते जात नाही, म्हणून न जाण्याला फार किंमत देऊ नका.

आता शिंप्याची टेप. रुग्णासमोर ती आडवी धरून एका बाजूला ओढत न्या आणि जाणारे आकडे बघायला सांगा. डोळे आकड्यामागे सावकाश जातात आणि झटक्याने परत येतात. हा झटका म्हणजे सॅकेडच, आणि तो रुग्णाला ठरवून करावा लागत नाही. मग टेप उभी ओढा. पीएसपीच्या सुरुवातीला इथे झटकेच गायब होतात, डोळे टेपबरोबर वाहत जाऊन टोकाला थांबतात.

टेप वरून खाली ओढली तर परतीचे झटके वर जायला हवेत. मिडब्रेनच्या मागच्या भागावर दाब असेल तर डोळे वर जाण्याऐवजी दोन्ही आत वळतात आणि खोबणीत मागे ओढले जातात. हे पहिल्यांदा पाहणारा दचकतोच. पारिनो यांनी १८८३ साली वर बघता न येण्याचं वर्णन केलं, त्यांचंच नाव या सिंड्रोमला आहे. माझ्याकडे आला होता तो नववीतला मुलगा. महिनाभर डोकं दुखत होतं, सकाळी उलट्या. आई सहज बोलली की दिवाळीत आकाशकंदील लावताना खालून वायर बघायला सांगितली, तर हा अख्खा मागे वाकत होता. पापण्या वर ओढलेल्या, बाहुल्या टॉर्चला आखडत नव्हत्या पण जवळच्या वस्तूकडे बघताना आखडत होत्या. त्याच संध्याकाळी स्कॅन झाला. पिनिअल भागात, मिडब्रेनच्या अगदी मागे, गाठ होती आणि मेंदूत पाणी साचलं होतं. अशा मुलाला 'मायग्रेन आहे, आठवड्याने या' म्हणायचं नाही. तान्ह्या बाळाचे डोळे मावळत्या सूर्यासारखे खाली गेलेले दिसले तरी हेच, आणि आपल्याकडे टीबीची गाठही यादीत हवी.

चक्कर थांबतच नाही तेव्हा

हेड इम्पल्स चाचणी १९८८ मध्ये हालमागी आणि कर्थॉइज यांनी मांडली. रुग्ण तुमच्या नाकाकडे बघतो, तुम्ही त्याचं डोकं दहा-वीस अंश, लहान पण झटकन, न सांगता फिरवता. डोळे नाकावर टिकले तर रिफ्लेक्स ठीक. डोक्याबरोबर वाहून गेले आणि मग उडी मारून परत आले तर त्या बाजूचा आतला कान किंवा त्याची नर्व्ह बिघडली आहे.

गोम अशी की तासन्‌तास गरगरणाऱ्या, निस्टॅगमस असणाऱ्या रुग्णात ही चाचणी नॉर्मल आली तर आनंद मानायचा नाही. कान ठीक असूनही गरगरतंय, म्हणजे सेरेबेलम किंवा ब्रेनस्टेमचा स्ट्रोक असू शकतो. त्याला जोडून दोन गोष्टी बघा. निस्टॅगमस नजरेच्या दिशेप्रमाणे दिशा बदलतो का? आणि आलटून-पालटून एकेक डोळा झाकल्यावर उघडणारा डोळा वर किंवा खाली सरकतो का? तीनही मिळून हिंट्स. २००९ पासून हे नाव रूढ आहे. फक्त कूस पलटताना दहा सेकंद गरगरणाऱ्या रुग्णाला ही चाचणी लावू नका, ती त्याच्यासाठी नाही. मानेचा त्रास मोठा असेल तरीही नको.

बेशुद्ध रुग्ण

इथे लाल-निळं चालत नाही, पापण्या उघडून बघायचं. डोळे एका बाजूला खिळले आहेत का? मेंदूच्या वरच्या मजल्यावरच्या स्ट्रोकमध्ये डोळे घावाकडे बघतात, म्हणजे लुळ्या हातापायांकडे पाठ फिरवतात. पॉन्समधल्या घावात उलटं, डोळे लुळ्या बाजूकडे. फिट चालू असेल तर डोळे फिटच्या उगमापासून दूर ढकललेले असतात आणि बारीक झटके देतात. असे डोळे दिसल्यावर अंग हलत नसलं तरी फिट चालू असू शकते, हे विसरू नका.

डोळ्यांवरून जीव वाचतो अशा तीन जागा

गरोदर बाई, दोन महिने उलट्या, गावात पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटल्या चढवलेल्या. आता बडबडते, चालताना झोकांड्या, आणि डोळे बाजूला नीट जात नाहीत, थरथरतात. हे व्हेर्निके, थायमिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मेंदूला होणारी इजा. थायमिन शिरेतून द्या, ग्लुकोजच्या आधी. स्कॅनच्या रांगेत थांबू नका. डोळे काही तासांपासून काही दिवसांत सुधारायला लागतात, स्मृती गेली तर परत येईलच असं नाही. दारू पिणाऱ्यांत हा आजार सगळ्यांना आठवतो, उलट्यांच्या गरोदर बाईत आठवत नाही, म्हणून मुद्दाम तिचं उदाहरण दिलं.

दुसरी जागा: तरुण मुलगा किंवा मुलगी, उलटीचं इंजेक्शन घेतलेलं, आणि काही तासांत डोळे वर चढून तिथेच अडकलेले, मान मागे, शुद्ध पूर्ण. घरच्यांनी आधी देवऋषी गाठलेला असतो. ही ऑक्युलोजायरिक क्रायसिस, मेटोक्लोप्रमाइड किंवा मानसिक आजारावरच्या काही औषधांनी होते. प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने थोड्याच वेळात डोळे खाली येतात. मग औषधाचं नाव चिठ्ठीवर ठळक लिहून द्या, आणि घरच्यांशी दोन शब्द बोला, कारण अंगात आलं म्हणून त्या पोरीला मारही बसलेला असू शकतो.

तिसरी जागा पावसाळ्यातली. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या पडलेल्या, डोळे कुठेच हलत नाहीत. आडवं, उभं, डोकं फिरवून, काहीच नाही. सगळे रस्ते एकदम बंद म्हणजे पूलच पडला, मेंदूत शोधू नका. मण्यारीचा दंश धरून चाला, दाताची खूण दिसत नसली तरी. श्वासाकडे लक्ष ठेवा. हीच पडझड महिनोन्‌महिने कमी-जास्त होत असेल, संध्याकाळी वाढत असेल, तर मायस्थेनिया, नर्व्हचा निरोप स्नायूला नीट न पोचण्याचा आजार. रुग्णाला मिनिटभर वर बघायला लावा, पापणी गळते का बघा. मग हातमोज्यात बर्फ घालून दोन मिनिटं पापणीवर ठेवा, उचलली गेली तर निदानाच्या जवळ आलात. मायस्थेनिया एमएलएफच्या दुखण्याची नक्कलही हुबेहूब करतो, म्हणून त्या बँकेच्या परीक्षेवाल्या मुलीचीही मी बर्फाची चाचणी केली होती.

केसपेपरवर काय लिहायचं

'ईओएम फुल' सोडून काहीही. मी असं लिहिते: 'आवाका पूर्ण. सॅकेड आडवे ठीक, वर मंद, खाली फार मंद. डोकं हलवल्यावर खाली पूर्ण जातात. टेप उभी: झटके नाहीत. कन्व्हर्जन्स कमी.' दोन ओळी. पुढच्या वेळी रुग्ण दुसऱ्या कोणाकडे गेला तरी त्याला वर्ष फुकट घालवावं लागत नाही.

गुरुजींच्या आजारावर उपाय नव्हता, तसा तो आजही नाही. पण बायफोकल काढून वाचायचा वेगळा चष्मा दिला, जिन्याच्या कडांना पिवळी पट्टी मारायला सांगितली, आणि ताट उंच ठेवा म्हटलं. पुढच्या खेपेला त्यांच्या पत्नींनी मोबाइलवर फोटो दाखवला. जेवणाच्या टेबलावर देवघरातला चौरंग, चौरंगावर ताट, गुरुजी समोर ताठ बसलेले, सदरा पांढरा. आमटी वाटीऐवजी कानाच्या कपात.